महाबळेश्वरचं प्रस्थान

महाबळेश्वरला जायचं हे आमच्या घरात पहिल्यांदा कोणी काढलं, याचं उत्तर मी आजवर माणूस बघून दिलं. बाहेरच्यांना सांगितलं, डॉक्टरांनी सुचवलं. माहेरी सांगितलं, आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं. खरं म्हणजे मला जायचं होतं. मुलीला दमा होता, ते कारण काही खोटं नव्हतं. पण ती ठणठणीत असती तर मी दुसरं कारण शोधलं असतं, हेही तेवढंच खरं.

तेव्हा आम्ही परभणीत राहत होतो. हे शाळेत गणित शिकवायचे. स्वतः निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, त्यामुळे फळ्यावर आकृती काढली की तोंडातून आधी 'मुसल्लस' निघायचं आणि मग जीभ चावून 'त्रिकोण'. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे अरुंद पडवी, मग बोळ. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. शेती झरीला, ती दीर बघायचे. आत्याबाईंचा जीवही झरीलाच होता, पण नातीच्या दम्यापायी त्या दोन वर्षं आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या.

उन्हाळा लागला की आमच्या घरात कोणी मोठ्यानं हसत नसे. काळ्या मातीची धूळ पत्र्याच्या फटींतून आत यायची, पिठावर बसायची, पाण्यावर बसायची. मुलीला आधी नुसता खोकला यायचा. मग तिचे खांदे वर चढायचे, गळ्याखाली खड्डा पडायचा आणि छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागायची. त्या शिट्टीची मला इतकी सवय झाली होती, की बोळातून कोणी पोरगं खरीच शिट्टी वाजवत गेलं तरी मी हातातलं काम टाकून धावायची.

डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या परभणीत मिळत नसत, पुण्याहून मागवाव्या लागत. एका गोळीचे चार तुकडे करायचे आणि एक तुकडा मधात चाटवायचा. अर्ध्या तासात खांदे खाली यायचे. त्या गोळ्या मी एका पत्र्याच्या डबीत कापूस घालून ठेवल्या होत्या, आणि डबी भिंतीतल्या देवळीत, देवांच्या शेजारी. देवांना हात जोडताना माझी नजर खरं तर डबीवर असायची.

"हवा बदलून बघा," डॉक्टर म्हणाले. "मे महिनाभर तरी. थंड, उंच जागी."

"बरं वाटेल का?" ह्यांनी विचारलं.

"वाटेल. किंवा धुकं सोसणार नाही आणि जास्त होईल. दोन्ही पाहिलंय मी."

आमच्या ह्यांच्यासारख्या गणिताच्या माणसाला असं उत्तर देऊ नये. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते 'दोन्ही, दोन्ही' असं पुटपुटत होते.

ह्यांच्या शाळेत चित्रकलेचे एक मास्तर होते, ते महाबळेश्वर बघून आलेले. एका संध्याकाळी ते आमच्या पडवीत बसून सांगत होते, की मे महिन्यात दुपारी बारा वाजता तिथं शाल लागते. ढग खिडकीतून आत येतो आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर जातो. रस्त्यावर माती लाल, झाडं इतकी दाट की सूर्य शोधावा लागतो. मी आत चहा गाळत होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पत्रा तापून वर कडकड वाजत होता. बारा वाजता शाल! मला त्या माणसाचा राग आला, इतकं माझं मन तिकडे गेलं. मी त्यांच्या चहात साखर घालायची विसरले.

त्या दिवसापासून मी मागे लागले. उघड नव्हे. मुलगी खोकली की म्हणायची, "बघा, धूळ." ती शांत झोपली की म्हणायची, "सकाळचा गारवा आहे म्हणून." ह्यांना सगळं कळत होतं, पण त्यांनाही जायचं होतंच. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो त्याला दीड-दोन वर्षं झाली होती. महाबळेश्वर आता आपल्याच राज्यात आहे, असं ते भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून आईला सांगत, जसं काही त्यांनीच ते खेचून आणलं होतं.

"राज्य एक झालं म्हून हवा एक झाली व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांच्या विरोधाला तोंड देणं सोपं नव्हतं, कारण त्या नुसत्या नको म्हणत नसत, प्रश्न विचारत. आगगाडीत पोरीला धाप लागली तर गाडी थांबवतेत का? घाटात मोटारीला किती वळणं हायती? वर डाक्टर हाय का, आन असला तर धुक्यात त्याला आपलं घर कसं दिसंल? शेवटी ह्यांनी तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, ओळख ना पाळख, सरळ पत्र लिहिलं. त्यात आत्याबाईंचे सगळे प्रश्न क्रमांक घालून विचारले, धुक्याचासुद्धा.

पंधरा दिवसांनी जाड पाकीट आलं. भला माणूस. राहायला एका कुटुंबात खोली मिळेल, डॉक्टर आहे आणि तो धुक्यातही येतो, घाटातली वळणं त्यांनी कधी मोजली नाहीत पण पुढच्या खेपेला मोजतील. खाली एक ओळ होती: 'दम्याचे रोगी येथे पुष्कळ येतात व काही बरे होतात.'

"काही म्हणजे किती?" हे म्हणाले.

"आन बाकीचे कुठं जातेत?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या 'काही'नं आमचे आठ दिवस खाल्ले. हे कधी म्हणत जाऊ, कधी म्हणत पुढच्या वर्षी. मी तोंडानं म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं, आणि भांडी आदळायची. रात्री मुलीच्या छातीवर हात ठेवला की मलाही भीती वाटायची. घाटात, कुठंही घर नाही दार नाही अशा जागी ही शिट्टी सुरू झाली तर? आणि त्या भीतीच्या मागून लगेच तो ढग यायचा, एका खिडकीतून आत येणारा. मी मुलीला जोखमीत घालते आहे की जोखमीतून काढते आहे, हे मला स्वतःला सांगता येत नव्हतं. आजही येत नाही.

शेवटी आत्याबाई एक दिवस न सांगता झरीला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या त्या गावच्या जोश्याला विचारून. पडवीत पाय धुता धुता म्हणाल्या, "बुधवारी सकाळी येळ चांगली हाय. पर तुमची गाडी शुक्करवारची. तर बुधवारी प्रस्थान ठिवू."

म्हणजे त्यांनी हो म्हटलं होतं. मी इतकी हरखले की त्यांच्या पायांवर पाणी ओतताना तांब्याच हातातून सुटला.

प्रस्थान ठेवणं हल्लीच्या मुलांना सांगावं लागेल. चांगल्या वेळी निघता येत नसेल, तर प्रवासाला जाणाऱ्याची एखादी वस्तू त्या वेळी घराबाहेर काढायची आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती गेली म्हणजे माणूस निघाला. मग दोन दिवसांनी खरं निघताना वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. नियम एकच, पण कडक. बाहेर गेलेलं प्रस्थान पुन्हा घरात आणायचं नाही. आणलं तर घात.

आमच्या पश्चिमेला, बोळाच्या पलीकडे, एक मुसलमान कुटुंब राहत होतं. नवरा पूर्वी तहसील कचेरीत होता. तिथल्या बाईंना आम्ही सगळे भाभी म्हणायचो. आत्याबाई त्यांच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत, पण दुपारभर त्यांच्या ओट्यावर बसून सुपारी कातरायच्या. बुधवारी सकाळी आत्याबाईंनी पिवळ्या फडक्यात गाठोडं बांधलं. मुलीचं झबलं, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि आणखी काय काय. ते डोक्याला लावून त्या बोळ ओलांडून गेल्या. भाभींनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं.

"अमानत है अम्मा," त्या म्हणाल्या. "मैं बच्चों को हात भी नै लगाने देती."

गुरुवारी दुपारी हे स्टेशनवर तिकिटांची चौकशी करायला गेले होते. मी पेटी भरत होते. शाल एकच होती, ती मी तीनदा घडी करून तीनदा उलगडली. चारच्या सुमाराला अचानक अंधारून आलं आणि वावटळ उठली. एरवी पाच मिनिटांत निघून जाते, ती त्या दिवशी जाईना. बोळात पाचोळा भिंतीइतका उंच फिरत होता. मी दारं लावली, फटींत ओली फडकी कोंबली, मुलीच्या तोंडावर पदर धरला. तरी आत धुराच्या रंगाची हवा झालीच.

तिला धाप लागली ती सरळ वरच्या पायरीवरून. खोकला नाही, सुरुवात नाही. खांदे कानांना लागले, डोळे मोठे झाले. ती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी करणार आहे अशा खात्रीनं.

मी देवळीत हात घातला. डबी नव्हती.

वाटलं, मीच पेटीत टाकली असेल. पेटी उपडी केली. शाल झटकली, साड्या झटकल्या, ह्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले. फडताळ, मीठमिरचीची भांडी, अंथरुणाच्या घड्या. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन पाठ चोळत होत्या.

"आत्याबाई, डबी कुठंय?"

"बग की पेटीत."

"पेटीत नाही!"

त्या पाठच चोळत राहिल्या. मी पुन्हा पेटीत हात घातला, जिथं काहीच उरलं नव्हतं तिथं. मागून मुलीची शिट्टी बारीक होत चालली होती. ही शिट्टी मोठी झाली तर भिऊ नये, बारीक झाली की भ्यावं, हे मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी वळून पाहिलं. मुलीचे ओठ जांभळे पडत होते. आणि आत्याबाई मुलीकडे बघत नव्हत्या. त्या बंद दाराकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला काही न कळता धडकी भरली.

मग त्यांनी मुलीला माझ्या हातात दिलं. दार उघडलं. धुळीचा लोट आत आला आणि त्या बाहेर गेल्या, पायांत काही न घालता, डोक्यावरचा पदर उडालेला. मी ओरडले, दार लावा! त्या मागे वळल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिवळं गाठोडं होतं. उंबऱ्यावर त्या क्षणभर थांबल्या. मग पाय आत टाकला, गाठ दातांनी सोडली, झबल्याच्या घडीतून डबी काढून माझ्यापुढे धरली. तांदूळ सगळ्या खोलीभर सांडले.

गोळीचा तुकडा दातानं तोडला, मधाचं भान कुणाला, बोटानं तिच्या जिभेवर ठेवला आणि तिला उभी धरून बसले. किती वेळ गेला सांगता येत नाही. वावटळ थांबली होती आणि पत्र्यावर एकदोन टपोरे थेंब वाजले. मग तिचे खांदे जरासे खाली आले. आणखी जरासे. ओठांचा रंग परत आला आणि ती रडायला लागली, चांगली मोठ्यानं. रडायला श्वास लागतो. मी पण रडले.

आणि मग मला राग आला. तो तसा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, त्यानंतरही आला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

आत्याबाई खाली बसून तांदूळ गोळा करत होत्या. "जोशी म्हनला, ज्याच्याबिगर पाऊल पुढं पडत न्हाई ते ठिवा प्रस्थानात. पोरीचं तर गोळ्यांबिगर पडत न्हाई. म्हून ठिवल्या. दोनच दिस म्हनलं."

"आणि मी शोधत होते तेव्हा? पेटीत बघ म्हणालात! तिचा जीव चालला होता!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "चुकलं," त्या म्हणाल्या. मग मूठभर तांदूळ फडक्यात टाकत: "प्रस्थान म्या आनलंय. माझं पाऊल उलटं पडलंय. जो आनतो त्याला लागतं. तुमी जा."

हा नियम कुठल्या पंचांगात आहे मला माहीत नाही. तो त्यांनी तेव्हाच, खाली बसून तांदूळ वेचता वेचता केला असणार.

हे धावत घरी आले, डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली, धुळीनं झालं म्हणाले. "उद्या न्यावं का नेऊ नये?" असं ह्यांनी विचारलं तेव्हा ते बराच वेळ नळी गुंडाळत राहिले. "मी असतो तर नेलं असतं," ते म्हणाले. "पण मी तिचा बाप नाही."

हे माझ्याकडे बघायला लागले. आदल्या दिवसापर्यंत मी नाचत निघाले असते. आता मला जावंसं वाटत नव्हतं. आगगाडीचं, घाटाचं, सगळ्याचंच भय वाटत होतं. पण त्या घरात, त्या बाईसमोर बसून राहणंही मला अशक्य होतं. मी म्हणाले, "जायचं." ढग आणि शाल केव्हाच मागे पडले होते. मी रागानं निघाले.

सकाळी आत्याबाई टांग्यापर्यंत आल्या. मुलीचा मुका घेतला, लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "सूनबाई, पोचल्याचं कार्ड टाक. मला वाचता येत न्हाई, पर कार्ड आलं तरी कळंल."

"हं," मी म्हणाले.

गाडीत बसलो, मानवत रोड गेलं. सेलूच्या पुढे ह्यांनी हळूच विषय काढला. ह्यांचे वडील ह्यांच्या लहानपणी गेले एवढंच मला ठाऊक होतं. कसे, ते त्या दिवशी कळलं. ते कोर्टाच्या कामासाठी हैदराबादला निघाले होते, प्रस्थानात त्यांचं पागोटं ठेवलेलं. निघायच्या आदल्या दिवशी गावात कुणाच्या लग्नाला जायचं झालं, आणि आत्याबाईंनीच ते पागोटं परत आणून त्यांना दिलं. वाटेत पटकी झाली. हैदराबाद दिसलंच नाही.

"तेव्हापासून माय तशी आहे," हे म्हणाले. "काल ती उठली कशी, याचंच मला नवल वाटतं."

मला नवल वाटलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या उठल्या हे खरं, पण त्याआधी बसून राहिल्या होत्या, आणि ती बसलेली मिनिटं माझ्या मुलीच्या ओठांवर मी पाहिली होती. ह्यांना ते कसं कळणार, ते स्टेशनवर होते.

प्रवास सांगण्यात अर्थ नाही. जालना गेलं, मनमाडला गाडी बदलली, पुण्याहून मोटार. मी डबी मुठीत धरून बसले होते, इतकी घट्ट की तळहातावर तिची गोल खूण उठली. घाटात हे वळणं मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढे त्यांनाच उलटी झाली. मुलगी मात्र माझ्या मांडीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आणि महाबळेश्वर तसंच होतं. चित्रकलेच्या मास्तरांनी एका शब्दाचीही भर घातली नव्हती. तिसऱ्या दिवशी खिडकीतून खरंच ढग आत आला. मी आधी खिडकी लावायला धावले, आणि मग थांबले, कारण मुलगी त्या ढगात हात घालून हसत होती आणि तिच्या छातीत काही वाजत नव्हतं. मी कान लावून ऐकलं. काही नाही. नुसता श्वास, आत बाहेर, इतर मुलांचा असतो तसा. महिनाभर राहणं परवडणारं नव्हतं, पण पंधरा दिवसांत तिला एकदाच थोडी धाप लागली, ती एका तुकड्यानं गेली. ती लाल मातीत लोळली, तांबडी फळं खाऊन तिनं दोन झबली खराब केली, तिचे गाल भरले. त्या 'काहीं'मध्ये आम्ही होतो.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "कार्ड मी टाकू?"

"मी टाकते," मी म्हणाले.

कार्डं आणली होती. लिहायला बसलेही एकदा. 'ती. आत्याबाईंस सा. न.' इथपर्यंत लिहिलं आणि पुढे हात चालेना. मनात म्हटलं, बसू दे जरा. कसं वाटतं बसून राहायला कळू दे. पुढे ह्यांनी दोनदा विचारलं, कार्ड टाकलंस ना? मी हो म्हणाले. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, पण म्हणून काही ते माफ होत नाही. मी ते विसरले नव्हते. मी मुद्दाम पाठवलं नाही.

आम्ही परत आलो ते भर दुपारी. टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. मुलगी उडी मारून घराकडे पळत सुटली, हे पेट्या उतरवायला लागले. भाभी ओट्यावर होत्या. मला बघून त्या उठल्या आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

"अल्ला तेरा शुकर," त्या म्हणाल्या. "बच्ची अच्छी है? सच्ची?"

मग त्यांनी मला जवळ ओढलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. पहिले चार-पाच दिवस अम्मा मजेत होत्या. प्रस्थानाचा घात मलाच नेणार आता, असं म्हणत. आपलं चांगलं लुगडं भाभींना दाखवून ठेवलं, मेले तर हे नेसवा म्हणून. पितळेची घागर झरीला पाठवून दिली. जणू त्याच कुठल्या गावाला निघाल्या होत्या. भाभी हसायच्या त्यांना. रोज सकाळी डाकवाल्याची वाट बघत ओट्यावर बसायच्या. सहावा दिवस गेला, सातवा गेला. कार्ड नाही. आठव्या दिवशी त्यांनी जेवण सोडलं.

"मैं बोली, अम्मा, खा लो. तो बोली," भाभींनी डोळे पुसले, "बोली, वो मेरे पे नै आया. मैं तो अच्छी भली बैठी हूँ. वो बच्ची पे गया."

सात दिवस त्या बाईनं आपली नात मेली असं धरून काढले. का, तर स्वतः जिवंत होती म्हणून.

मी घरात गेले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पंधरा दिवसांत निम्म्या झालेल्या. मुलगी त्यांच्या मांडीवर होती आणि त्या तिच्या पाठीला कान लावून ऐकत होत्या. बराच वेळ ऐकत होत्या. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"कार्ड न्हाई आलं, सूनबाई."

हेही तेवढ्यात पेटी घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं.

"टाकलं होतं," मी म्हणाले. "वाटेत गहाळ झालं असेल."

"तरीच," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. "मी म्हनतच व्हते."

दुसऱ्या दिवशी सकाळी डाकवाला बोळात आला. त्याच्याकडे आमचं काही नव्हतं, तो पुढे चालला होता. आत्याबाईंनी त्याला हाक मारून दारात उभं केलं. सात दिवसांच्या उपासानंतर कालच दोन घास खाल्लेली म्हातारी, पण आवाज अख्ख्या बोळाला गेला. माझ्या सुनेचं कार्ड कुठं टाकलंस? तुझ्या हलगर्जीपनानं मी सात दिस पोर मेली म्हून रडत बसले, त्याचं काय? तो गरीब माणूस हात जोडून सांगत होता, की माय, तुमच्या नावाचं काही आलंच नाही, मी काय खाऊ तुमचं कार्ड? कदाचित टाकलंच नसेल त्यांनी.

"ए," आत्याबाई कडाडल्या, "तोंड सांभाळ. माझी सून एक डाव बोलली ना कार्ड टाकलं, तर टाकलं. ती खोटं बोलत न्हाई."

मी आत चुलीपुढे होते. परातीत भाकरी अर्धी थापलेली होती. मी बाहेर गेले नाही. हात पुन्हा पिठात घातले आणि ती भाकरी थापून पुरी केली.